बास्सानोला गेलायत का कुणी? अनुभव लिहा

व्हेनिस पाहून आलेले पैशाला पासरी भेटतात. तिथून रेल्वेने सव्वा तासावर, ब्रेन्ता नदीकाठच्या बास्सानो देल ग्राप्पाला गेलेले मात्र क्वचित. सुरुवात मीच करते. तिथला लाकडी पूल म्हटल्यावर मला कोकणातला साकव आठवला होता. निघाला चांगला रुंद, वर छप्पर. आराखडा वास्तुकार पाल्लादिओचा, १५६९ चा. त्याने आधी दगडी पूल सुचवला होता, पण गावाने हट्ट धरला: होता तसा लाकडीच हवा!

*

आम्ही एप्रिलअखेर गेलो, पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसच्या दिवसांत. ऊन लागू नये म्हणून मातीखालीच वाढवतात, म्हणून पांढरा. सोबत उकडलेली अंडी, ती कुस्करून तेल-मीठ घालून खायची. आई अंडं खात नाही, त्यामुळे तिच्या ताटात नुसते दांडे. ती शेवग्यासारखे चोखून चोथा कडेला ठेवू लागली. वेटर दोनदा विचारून गेला, काही बिघडलंय का.

*

चोथ्यावरून आठवलं. ग्राप्पा ही दारू द्राक्षांच्या चोथ्यापासूनच काढतात. पण गावाचं नाव दारूवरून नाही, मॉन्ते ग्राप्पा डोंगरावरून आहे. पहिल्या महायुद्धात तिथे घनघोर लढाया झाल्या. १९२८ पर्यंत हे बास्सानो व्हेनेतो होतं. दारू हवी तर पुलाच्या तोंडाशी नार्दिनीचं दुकान आहे, १७७९ पासूनचं. मी एक घोट घेतला. बास.

*

मी २०१९ ला गेले आणि पुलाची दुरुस्ती चाललेली! काम २०२१ ला संपलं म्हणे. चिडचिड झाली, पण या पुलाचं नशीबच तसं. १७४८ च्या पुरात वाहून गेला, दुसऱ्या महायुद्धात उडवला गेला. १९४८ साली अल्पिनी, म्हणजे डोंगरी फौजेच्या जवानांनी पुन्हा उभा केला, म्हणून तो अल्पिनींचा पूल.

*

पदोव्हाला शिकत होतो तेव्हा रविवारी तिकडे जायचो. पहिल्या खेपेला ‘व्हियाले देई मार्तिरी’ (हुतात्म्यांचा रस्ता) इथे एका झाडाखाली सँडविच खात बसलो. समोर डोंगर, झकास हवा. मान वळवली तर झाडावर एका माणसाच्या नावाची पाटी. पुढच्या झाडावर दुसरं नाव. २६ सप्टेंबर १९४४ ला नाझी-फॅसिस्टांनी इथे ३१ जणांना झाडांना फाशी दिलं होतं. घास गिळवेना. संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं त्याच रस्त्याने फिरायला आली, कुत्री घेऊन, गप्पा मारत. पुढे मीही तिथे जाऊ लागलो. खायला मात्र कधी बसलो नाही.