एका म्हाताऱ्या माणसाला किती डॉक्टर लागतात?

तिरकस_रेघ:
परवा फिरत फिरत एक पोस्ट आली. सारांश असा, की पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला फॅमिली डॉक्टरकडे नेणं म्हणजे वेळ दवडणं. हृदयाला हृदयवाला, किडनीला किडनीवाला, दर सहा महिन्यांनी सगळ्या तपासण्या. 'आईवडिलांवर प्रेम असेल तर एवढं कराच.' त्या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

माझे सासरे. बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू झालं, घोटे सुजले. सूज बघून दुसऱ्याने लघवीची गोळी दिली (या सुजेवर ती फारशी चालत नाही, हे ज्ञान मला नंतर झालं). मग रात्रीतून चारदा उठणं. त्यावर तिसऱ्याने मूत्राशय शांत करणारी गोळी दिली. तोंडाला कोरड, बोलण्यात गोंधळ, आणि एका पहाटे संडासाच्या दारात आडवे. चार तज्ज्ञ, ११ गोळ्या, पण त्यांना खुर्चीतून उठवून चालवून कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटी एका साध्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या बाई घरी आल्या. गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतली. आधी झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून. वरचा आकडा ३२ने खाली! तीन मिनिटांत २०ने उतरला तरी दखल घ्यायची असते म्हणे. दोन महिन्यांत ११च्या ५ झाल्या.

अर्धविराम:
असहमत. माझ्या आईला आठ महिने अशाच 'साध्या' डॉक्टरांनी ऐकवलं, वय झालं, थकवा यायचाच. कार्डिओलॉजिस्टने मनगट धरलं, नाडी ३४. हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातले विजेचे संदेश अडकणं. पेसमेकर बसल्यावर बाई जिना चढायला लागली. 'वय झालं' हे निदान कुठल्या खुर्चीत बसून होतं, तेही लिहा की.

तिरकस_रेघ:
नाडी धरायला कार्डिओलॉजिस्ट लागतो का?

अर्धविराम:
लागला ना! तेच तर सांगतेय.

रात्रपाळी:
मी त्याच खुर्चीत बसतो, त्यामुळे दोन्हीकडून बसणारा मार माझाच. एका पेशंटला सात मिनिटं मिळतात. आजोबांच्या स्वेटरची बटणं निघेपर्यंत तीन गेलेली असतात.

वयाच्या आकड्यावर काही ठरत नाही. ८५चे काही खणखणीत असतात, ७०चे काही काचेचं भांडं. वृद्धांच्या डॉक्टर लिंडा फ्रीड यांनी २००१मध्ये पाच खुणा मांडल्या: आपोआप घटलेलं वजन, सतत थकवा, ढिली पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन असल्या तर माणूस नाजूक झालाय असं धरतात. याला मशीन लागत नाही. खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून पुढचं बघायचं.

आणि गोळी लिहायला अर्धं मिनिट, बंद करायला अर्धा तास. त्यात लांबच्या नातेवाइकांचा फोन, 'बंद का केली?' या प्रकाराला वैद्यकीय नियतकालिकात १९९१ पासून नावच आहे, 'कॅलिफोर्नियाची लेक'.

दुपारची_झोप:
लेक? लेकच का हो? आमच्याकडे लांब राहतो तो भाऊ! सहा वर्षं मी आईची कूस बदलतेय, आणि हा रविवारी व्हिडिओवर येऊन विचारतो, 'ताई, व्हिटॅमिन डी कधी केलं होतंस?' नाव ठेवताना मात्र मुलगी.

नाकासमोर:
मी तसा लांबचा भाऊ आहे. तुमचा नव्हे, घाबरू नका. इथे बसून फक्त रिपोर्टच दिसतात, म्हणून रिपोर्टबद्दल विचारतो.

दुपारची_झोप:
रिपोर्टमध्ये पाठीची जखम दिसत नाही. तिकीट काढा, दिसेल.

नाकासमोर:
नोकरी सोडून येऊ? जवळ राहिलं की आपोआप श्रावणबाळ होतं का?

दुपारची_झोप:
श्रावणबाळ गेला खड्ड्यात. आठवड्यातून एक रात्र मला सलग झोप मिळेल अशी सोय करा, मग विचारा काय विचारायचं ते.

रात्रपाळी:
उदाहरण देऊन चूक झाली. माफी. पण ताई, तुमच्या झोपेची चौकशी कुठल्या डॉक्टरने कधी केली? मीही करत नाही, हे आत्ता लक्षात आलं.

आकडेमोड:
भावंडांचं आटोपलं असेल तर मूळ विषय. वॉर्डात दाखल वृद्धांची सर्वांगीण तपासणी (अवयव सुटे न बघता गोळ्या, चाल, घरची सोय सगळं एकत्र बघणं) केली तर जास्त लोक जिवंत आणि स्वतःच्या घरी परततात, हे २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासतात तो) आहे. दाखल न झालेल्यांच्या बाबतीत पुरावा इतका भक्कम नाही. तिरकसराव, एका सासऱ्यावरून सिद्धांत होत नाही.

तिरकस_रेघ:
बरं बाबा. सासरे एकच होते, दुसरे कुठून आणू? पुरावा पातळ आहे, मान्य. पण प्रत्येक अवयवाला एकेक डॉक्टर नेमा, याचा तरी जाड पुरावा दाखवा.

अर्धविराम:
काल आईला खुर्चीतून उठवून चालवलं. १९ सेकंद. तुमचं खरं ठरावं म्हणून नाही, सहज. उद्या गोळ्यांची पिशवी घेऊन जातेय. फॅमिली डॉक्टरकडेच, पण दुसऱ्या.

तिरकस_रेघ:
नाडी धरतात ना, तेवढं फोनवर विचारून घ्या.