अंतराळ पर्यटन: मानवी मोहिमांचा आधार, की उरलेल्या आसनांची विक्री?

धागाकर्ता: खगोलवेडा

एप्रिल २०२५ मध्ये ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीच्या 'न्यू शेपर्ड' यानातून गायिका केटी पेरी यांच्यासह सहा महिलांनी जेमतेम अकरा मिनिटांचे उड्डाण केले, तेव्हा त्याची जी टिंगल झाली ती बऱ्याच अंशी रास्त होती. मात्र त्या टिंगलीच्या ओघात 'अंतराळ पर्यटन' या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या विषयावर धड बोलता येणार नाही, असे मला वाटते.

एक किलो वस्तू १०० किलोमीटर उंच नेण्यासाठी साधारण १० लाख ज्यूल ऊर्जा लागते. तीच वस्तू ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरत ठेवायची असेल, तर तिला सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेग द्यावा लागतो आणि ऊर्जेचा आकडा ३ कोटी ज्यूलांच्या पुढे जातो. म्हणजे फरक तीस पटींहून अधिक आहे, आणि परत येताना ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घालवायची असते आणि तिचा काही भाग यानाच्या उष्णतारोधक कवचावर झेलावा लागतो. न्यू शेपर्ड वर जाते आणि खाली येते. प्रवाशाला तीन-चार मिनिटे वजनरहित अवस्था अनुभवता येते. हा दगड उंच फेकण्याचा प्रकार आहे, आणि त्याचे समर्थन करण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही.

मला बोलायचे आहे ते कक्षेत जाणाऱ्या प्रवाशांविषयी. सप्टेंबर २०२४ मधील 'पोलारिस डॉन' मोहीम पाहा. जॅरेड आयझॅकमन या उद्योजकाने स्पेसएक्ससह आखलेल्या या मोहिमेत ड्रॅगन यान सुमारे १४०० किलोमीटर उंचीपर्यंत गेले. १९७२ च्या अपोलो १७ नंतर माणूस पृथ्वीपासून इतका दूर गेला नव्हता. ड्रॅगनला एअरलॉक, म्हणजे बाहेर पडण्यासाठीची दोन दारांची वेगळी बंदिस्त खोली, नाही, त्यामुळे एकाला बाहेर पडायचे तर आतली सगळी हवा सोडून द्यावी लागते आणि चौघांनाही अंतराळ पोशाखाच्या भरवशावर निर्वातात बसावे लागते. त्यासाठी जवळजवळ दोन दिवस आधीपासून यानाच्या कुपीतील दाब हळूहळू उतरवत आणि प्राणवायूचे प्रमाण वाढवत नेले. मग आयझॅकमन आणि त्यांच्यानंतर स्पेसएक्सच्या अभियंत्या सारा गिलिस, असे दोघे एकामागून एक झडपेतून कमरेपर्यंत बाहेर आले, कोपर-खांदे वाकवून नव्या पोशाखातील हालचाल तपासली आणि काही मिनिटांतच आत गेले. दिसायला किरकोळ वाटणारी ही कसरत नव्या पोशाखाची पहिली खरी चाचणी होती. माझे म्हणणे असे की, स्वखर्चाने जाणारे प्रवासी हे मानवी अंतराळ मोहिमांचा आज एक आधार आहेत. कोणाला ते खटकत असेल, तर कारणे वाचायला आवडतील.

प्रतिसाद: तटस्थ

असहमत. 'आधार' हा शब्द इथे पूर्णपणे उलटा वापरला आहे.

आयझॅकमन ज्या ड्रॅगनमधून गेले, ते यान कोणाच्या पैशावर उभे राहिले? नासाने २००६ पासून खासगी मालवाहू यानांना अर्थसाहाय्य दिले आणि २०१४ मध्ये माणसे नेणाऱ्या यानासाठी स्पेसएक्सशी २.६ अब्ज डॉलरचा करार केला. बोईंगला तर ४.२ अब्ज मिळाले. मे २०२० मध्ये नासाच्या दोन अंतराळवीरांनी ड्रॅगनची पहिली मानवी चाचणी दिली, आणि त्यानंतर सोळा महिन्यांनी आयझॅकमन यांची 'इन्स्पिरेशन ४' ही खासगी मोहीम निघाली. तयार मांडवात आलेल्या पाहुण्याला मांडवाचा खांब म्हणायचे का?

दुसरा मुद्दा इतिहासाचा आहे. २००१ मध्ये डेनिस टिटो हे सुमारे २ कोटी डॉलर भरून सोयूझ या रशियन यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि २००९ पर्यंत आणखी सहा जण त्यांच्या मागोमाग गेले. त्यानंतर २०२१ पर्यंत स्वखर्चाने कक्षेत गेलेला एकही प्रवासी सापडत नाही. श्रीमंतांची हौस फिटली होती म्हणून नव्हे. २०११ मध्ये स्पेस शटल निवृत्त झाले, अमेरिकेला आपल्या अंतराळवीरांसाठी सोयूझमधील जागा विकत घ्याव्या लागल्या आणि पर्यटकासाठी आसन उरले नाही. सरकारला जागा लागली की पर्यटक बाहेर, सरकारकडे जागा उरली की पर्यटक आत. अशा गिऱ्हाइकाला फार तर उरलेल्या मालाचा ग्राहक म्हणता येईल.

प्रतिसाद: उत्तरायण

तटस्थ यांनी टिटो यांची गोष्ट अर्धीच सांगितली. टिटो मुळात रशियाच्या 'मीर' स्थानकावर जाणार होते. पैशाअभावी जेरीस आलेल्या रशियाने ते स्थानक मार्च २००१ मध्ये पॅसिफिक महासागरात पाडले, म्हणून त्यांचा मुक्काम बदलला. नासाचा त्यांना इतका विरोध होता की ते ह्यूस्टनच्या केंद्रात पोहोचले तेव्हा त्यांना प्रशिक्षण नाकारण्यात आले, आणि त्यांच्याबरोबरच्या दोघा रशियन अंतराळवीरांनीही 'ते नसतील तर आम्हीही नाही' अशी भूमिका घेतली. जून २०१९ मध्ये त्याच नासाने स्थानक खासगी प्रवाशांना खुले करत असल्याचे जाहीर केले. अठरा वर्षांत संस्थेचे मत इतके फिरते, यामागे काही गरज असणारच.

शिवाय प्रत्येक प्रवास आधी श्रीमंतांचा असतो. विमानही सुरुवातीला सामान्यांसाठी नव्हतेच. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा प्रथमच सुखरूप उतरला, आणि आज काही टप्पे तिसाहून अधिक वेळा उडाले आहेत. भाडे आज ना उद्या उतरेल.

प्रतिसाद: गणितमास्तर

विमानाची उपमा निघणार याची मी वाटच पाहत होतो, आणि माझी निराशा झाली नाही.

विमानाला मुक्काम होता. आरंभीच्या प्रवाशाला पलीकडच्या शहरात काम असायचे, पत्र पोचवायचे असायचे, आणि विमानाच्या आधी तीच वाट बोटीने किंवा आगगाडीने चालू होती. कक्षेतील प्रवासी जिथून निघाला तिथेच परत येतो. स्थानकाशिवाय तिथे उतरण्याजोगी जागा नाही, आणि आंतरराष्ट्रीय स्थानकही २०३० नंतर खाली आणायचे ठरले आहे. त्यासाठीचे यान बनवण्याचे कंत्राट २०२४ मध्ये दिलेसुद्धा. शिवाय विमान पंखांवर हवेचा आधार घेते आणि ज्वलनासाठी प्राणवायूही हवेतूनच घेते. अग्निबाणाला हवेचा असा आधार नसतो आणि प्राणवायूही सोबत न्यावा लागतो, म्हणून उड्डाणाच्या वेळी त्याच्या वजनातला बहुतांश भाग इंधन आणि प्राणवायूचाच असतो. टप्पा पुन्हा वापरला म्हणजे धातू वाचतो, भौतिकशास्त्र वाचत नाही.

पर्यावरणाविषयी कोणी बोललेच नाही, म्हणून थोडक्यात. न्यू शेपर्ड हायड्रोजन जाळते, त्यातून प्रामुख्याने पाण्याची वाफ निघते. फाल्कन ९ केरोसीन जाळते आणि व्हर्जिन गॅलॅक्टिक या दुसऱ्या पर्यटन कंपनीचे यान घन रबरासारखे इंधन जाळत असे. या दोन्हींतून काजळी निघते. जमिनीलगतची काजळी काही दिवसांत पावसाने धुऊन जाते. वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, पाऊस नाही, तिथे ती काही वर्षे टिकते आणि सूर्यप्रकाश शोषून भोवतालची हवा तापवते. आज उड्डाणे मोजकी आहेत म्हणून एकूण परिणाम लहान आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. पण उत्तरायण यांना उड्डाणे विमानांइतकी वाढलेली हवी आहेत ना?

प्रतिसाद: धन्वंतरी

मी वैद्यकीय अंगाने धागाकर्त्यांच्या बाजूने लिहिते. अंतराळात शरीराचे काय होते याविषयीची आपली माहिती दीर्घकाळ निवडक, कसलेल्या, पूर्ण निरोगी शरीरांवरून आली आहे. वजनरहित अवस्थेत भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, हे आपल्याला वैमानिक आणि शास्त्रज्ञ यांच्या देहांवरून कळले. 'इन्स्पिरेशन ४' मध्ये हेली आर्सेनो होत्या. त्यांना लहानपणी हाडाचा कर्करोग झाला होता आणि त्यांच्या पायात कृत्रिम अस्थी बसवलेली आहे. सरकारी निवडीत त्या पहिल्याच चाळणीत गळाल्या असत्या. त्या तीन दिवसांच्या प्रवासाआधी, प्रवासात आणि नंतर चौघांचे नमुने घेतले गेले आणि त्यांवरील संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मिखाएला बेन्टहाउस या चाकाची खुर्ची वापरणाऱ्या जर्मन अभियंत्या न्यू शेपर्डमधून जाऊन आल्या. धागाकर्ते त्या दहा-अकरा मिनिटांना दगडफेक म्हणतात. आसनावरून सुटून तरंगणे आणि वेळेत पुन्हा आसनात बसणे ही गोष्ट पाय न चालणाऱ्या माणसाला जमते की नाही, हे त्याच मिनिटांत कळले.

प्रतिसाद: तटस्थ

धन्वंतरी यांचा मुद्दा मी खोडून काढणार नाही. तो या धाग्यातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पण ज्या शरीराविषयी त्या लिहितात, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर आहे, हेही पाहू.

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने प्रवाशांच्या सुरक्षेसाठी यानाच्या रचनेवर नियम घालण्यास आठ वर्षांची बंदी घातली, नवा उद्योग शिकत आहे या कारणास्तव. ती मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली आणि आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आहे. मोठी दुर्घटना किंवा गंभीर घटना घडली तरच अपवाद. तोवर विमान प्रशासन मुख्यतः जमिनीवरच्या लोकांची काळजी घेते; यान सरकारने सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेले नाही, हे वाचून प्रवाशाने लेखी संमती द्यायची असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकचे यान चाचणीत हवेत मोडले आणि एक वैमानिक दगावला. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू शेपर्डचे इंजिन उड्डाणानंतर मिनिटभरात निकामी झाले. कुपी सुटून सुखरूप उतरली, पण त्या दिवशी आत माणसे नव्हती, प्रयोगांची खोकी होती. समुद्रतळाकडे जाणाऱ्या 'टायटन' पाणबुडीतही प्रवाशांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. जून २०२३ मध्ये पाच जण गेले.

प्रतिसाद: खगोलवेडा

तटस्थ, आपला पहिला मुद्दा मी मान्य करतो. 'आधार' हा शब्द मागे घेतो. यान करदात्यांच्या पैशाने झाले, यात वाद नाही. न्यू शेपर्डविषयीचे माझे वाक्यही धन्वंतरी यांच्या प्रतिसादानंतर मला उथळ वाटू लागले आहे.

गणितमास्तरांशी मात्र मतभेद कायम आहेत. स्थानक खाली येणार हीच माझ्या दृष्टीने खासगी प्रवाशाची खरी गरज आहे. नासाला पुढचे स्थानक स्वतः बांधायचे नाही. तिला खासगी स्थानकातील जागा भाड्याने हवी आहे, आणि एकट्या नासाच्या भाड्यावर असे स्थानक चालणे अवघड आहे. इतर भाडेकरू लागतील, आणि ते सगळे हौशी धनिक नसतील. जून २०२५ च्या ॲक्सिऑम ४ या खासगी मोहिमेत भारताचे शुभांशु शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझ्नान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू गेले. या तिन्ही देशांचा त्याआधीचा अंतराळवीर सोव्हिएत काळात गेला होता. ज्या खिडकीतून श्रीमंत माणूस तिकीट घेतो, त्याच खिडकीतून आता देशही तिकीट घेत आहेत. ती खिडकी बंद केली तर स्वतःचे मानवी यान नसलेल्या देशांनी पुन्हा कोणाच्या तरी मेहेरबानीची वाट पाहायची का?

प्रतिसाद: गणितमास्तर

देश तिकीट घेतो तेव्हा त्याला मी पर्यटन म्हणत नाही, त्यामुळे इथे आपण एकमेकांशी भांडतच नाही. शुक्ला अठरा दिवस स्थानकावर प्रयोग करत होते, आणि त्या मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन या नासाच्या माजी अंतराळवीर होत्या. २०२२ च्या ॲक्सिऑम १ मोहिमेत खासगी प्रवाशांचे भरगच्च वेळापत्रक सांभाळताना स्थानकावरच्या अंतराळवीरांची स्वतःची कामे रखडली, आणि त्यानंतर नासाने अशा मोहिमांचा प्रमुख हा आपला माजी अंतराळवीरच असावा असा नियम केला. थोडक्यात, तिकीट कोणीही घ्यावे, पण सोबत जाणता माणूस हवा, हे खिडकी चालवणाऱ्यांनाही कळले आहे.

प्रतिसाद: तटस्थ

एक भर घालतो. १९६७ च्या अंतराळ कराराने अंतराळवीरांना 'मानवजातीचे दूत' म्हटले आहे, आणि त्याच कराराने खासगी मोहिमांना परवानगी देण्याची व त्यांच्यावर सतत देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्या त्या देशावर टाकली आहे. धाग्यात सतत ज्यांचे नाव येत आहे ते जॅरेड आयझॅकमन डिसेंबर २०२५ पासून नासाचे प्रशासक आहेत, म्हणजे दोन वेळा स्वतः तिकीट घेतलेला माणूस आज तिकीट देणाऱ्यांच्या बाजूला बसला आहे. प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करणे हे त्यांच्या संस्थेचे काम नाही, ते विमान प्रशासनाचे आहे, हे मला ठाऊक आहे. तरी १ जानेवारी २०२८ ची मुदत आणखी एकदा वाढवण्याचा प्रस्ताव आला, तर निर्वातात उघड्या झडपेतून डोके बाहेर काढलेल्या या माणसाने कोणत्या बाजूने साक्ष द्यावी असे खगोलवेडा यांना वाटते?