देवाची इच्छा नक्की ओळखायची कशी? (जर्मनीची ऑफर, घरी आई एकटी)

सिस्टर_मिरज
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी स्टाफ नर्स, वय 31, लग्न नाही झालेलं. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलची ऑफर आलीय, जर्मन भाषेची बी वन लेव्हलची परीक्षा पास झालेय, महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचंय. घरी आई नि मी दोघीच, आईला शुगर, भाऊ पुण्यात असतो. दीड महिना प्रार्थना करतेय, दोन शुक्रवार उपास पण केले, काहीच उत्तर नाही. वॉचनाईटला, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या प्रार्थनेला, बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्या काढतात त्यात माझी यिर्मया 29:11 निघालेली, हिताचे संकल्प वगैरे, तर मावशी म्हणते हेच उत्तर, जा. मग परवा एजंटचा मेल आला व्हिसाची तारीख पुढे गेली म्हणून, तर प्रार्थना ग्रुपमधली एक ताई म्हणते प्रभू दार बंद करतोय, थांब. आता यातली कुठली खूण खरी मानायची?

नगरी_जावई
सिस्टर, खुणांच्या नादाला लागू नका, मी लागलो होतो. 2011 ला बायबलातल्या गिदोनसारखी लोकर टाकली (त्याने लोकर जमिनीवर ठेवून दंवाची खूण मागितली होती), म्हटलं प्रभू सोमवारपर्यंत फोन आला तर हीच नोकरी तुझ्या इच्छेची. फोन आला, साक्ष पण दिली मंडळीत उभं राहून, आणि आठ महिन्यात कंपनी बंद. नंतर आठवलं की शनिवारी एचआरला आठवण करणारा मेसेज मीच टाकलेला 😅 बायबलात शास्ते 6 नीट वाचा, गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगून झालं होतं, लोकर त्याने धीर नव्हता म्हणून टाकली आणि वर स्वतःच म्हणतो माझ्यावर रागावू नको. आणि ते यिर्मयाचं वचन बाबेलात (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील म्हटलंय आणि पाचव्यात घरं बांधा, बागा लावा. मावशींनी ते वाचलं असतं तर म्हणाल्या असत्या तिकडे प्लॉट पण घे.

वसईवाला
आमच्याकडे रिट्रीटला (प्रार्थना शिबिराला) जेजुइट संघाचे फादर त्यांच्या संस्थापकाची, संत इग्नेशियसची पद्धत शिकवतात. 1521 ला पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, लोयोला गावी घरी महिनोन्महिने पडून होता. सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या तर घरात निघालं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्या पडल्या कधी दरबाराची स्वप्नं बघायचा कधी संतांसारखं जगायची, दोन्हीत मजा यायची पण दरबाराच्या स्वप्नानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर आनंद टिकायचा. हा नंतरचा फरक त्याने पकडला. तुम्ही चार दिवस असं वागा की जायचं ठरलंय, भांडी घासताना ड्युटीवर जाताना तेच डोक्यात, रोज रात्री दोन ओळी लिहा. मग चार दिवस नाही जायचं असं धरून. आणि त्याचा एक नियम, मन खचलेलं असताना आधी केलेला निर्णय फिरवायचा नाही. नाइट ड्युटी करून आलात की तर अजिबात नाही.

नगरी_जावई
पण मनावर किती विसंबायचं? यिर्मया 17:9, हृदय सगळ्यात कपटी.

वसईवाला
म्हणून तर लिहून काढायचं आणि घेऊन कुणाकडे तरी बसायचं, फादर असो पाळक असो. एकट्याने केलं की आपण आपल्यालाच गंडवतो.

पाळकाची_लेक
दार बंद झालं वाल्या ताईंना बायबलातलं प्रेषितांची कृत्ये 16 दाखवा. प्रेषित पौलाला आसियात (आताच्या तुर्कस्तानातला प्रांत) जायला मनाई झाली, बिथुनियालाही जाऊ दिलं नाही, तरी माणूस घरी परतला नाही, चालत त्रोवसला गेला आणि तिथे मासेदोनियाला ये असा दृष्टान्त झाला. दोन नकार मिळूनही प्रवास चालू होता. व्हिसाची तारीख पुढे जाणं हे मला तरी ऑफिसचं काम वाटतं, पवित्र आत्म्याचं नाही.
एक मात्र खटकलं. तुमच्या पोस्टमध्ये मावशीचं मत आहे, ताईचं आहे, आईची फक्त शुगर आहे. त्या काय म्हणतात?

सिस्टर_मिरज
खरं सांगू, विचारलंच नव्हतं. ती रडेल म्हणून. काल चहा टाकताना विचारलं तर रडली नाही, म्हणाली मला माहितीय ग, तू रात्री मोबाइलवर जर्मन बडबडतेस ते भिंतीतून ऐकू येतं. मग म्हणे मला फक्त इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे दिसत नाहीत, ते रोज कोण लावून देईल तेवढं बघ. दीड महिना मी काय काय मागत होते प्रार्थनेत आणि हे माझ्या डोक्यात पण नव्हतं, मी नर्स असून.

भावाला फोन केलाय, रविवारी येतोय. शेजारची बारावीतली पोरगी आकडे लावून द्यायला तयार आहे, पण तिची परीक्षा झाली की ती पण कुठेतरी जाणार. ठरलं काहीच नाही अजून. वसईवाले दादा, तुमचं ते चार दिवसांचं आजपासून धरलंय, मी उलटं सुरू केलं, आधी 'नाही जायचं' वालं. रात्री येऊन लिहिते, आज नाइट नाहीये.