पोटगी, पगार आणि घरकर्ज: ठाणे-नवी मुंबईतल्या एकट्या पालकांचे अनुभव

मुलाला किंवा मुलीला पोटगी मिळते आणि घर तुम्हाला एकट्याने घ्यायचंय, अशा वेळी बँकेत नेमकं काय झालं ते इथे लिहा. माणसांची नावं नकोत, बँकेचंही नको, वर फक्त आपण राहतो तो भाग लिहा. सुरुवात मीच करते.

कळवा

मुलगा 13 वर्षांचा. कोर्टाने त्याच्यासाठी महिना 12,000 ठरवले. पैसे यायचे ते कधी दिराच्या हातून पाकिटात, कधी यूपीआयने 7,000, मग दोन महिने काहीच नाही. शाळेची फी भरली जातेय ना, एवढंच मी पाहिलं. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

ते कर्जाच्या टेबलावर महागात पडलं. अधिकारी बाईंनी वर्षाचं स्टेटमेंट पुढे ओढून पोटगीच्या नोंदींना पेन्सिलने गोल केले. बारा महिन्यांत पाच गोल, आणि एकही 12,000 चा नाही. "आदेशात आहे, पण खात्यात दिसत नाही." त्यावर आणखी एक प्रश्न: मुलगा पाच वर्षांत 18 चा होणार, कर्ज 20 वर्षांचं, मग पुढे ही रक्कम धरायची कशी? मी गप्प बसले.

शेवटी सगळं पगारावरच आलं. हातात 46,000. बँक निम्मा हप्त्याला धरत होती, म्हणजे 23,000. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखाला 868 रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज साडेसव्वीस लाख. 12,000 धरले असते तर तेहतीस लाखांच्या वर गेलं असतं. मधल्या सात लाखांत वन आरकेचा वन बीएचके होतो. मी वन आरके घेतलं, 30 लाखांचं. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर असल्यामुळे मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 6 टक्के लागलं, 30,000 वाचले. पण बाकीचे 1,80,000 खिशातूनच भरावे लागले, ते कर्जात धरत नाहीत. हे आधी कुणी सांगितलं असतं तर दागिने घाईत मोडले नसते.

कोपरखैरणे

माझा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. आमच्या वकीलबाई एकाच गोष्टीवर अडून बसल्या होत्या: संमतीपत्रात "दर महिन्याच्या 5 तारखेला, मुलीच्या पोटगीपोटी, बँक खात्यातून" असे शब्द हवेतच. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. मुलगी आता सहा वर्षांची आहे, दीड वर्षाच्या नोंदी एका ओळीत एकाच तारखेला आहेत. पहिल्या बँकेने तरीही "पोटगी धरत नाही" म्हणून फाइल परत दिली. दुसरीने हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या निकालाची, प्रमाणित प्रत आणि वर्षाचं स्टेटमेंट घेतलं आणि निम्मी रक्कम धरली. तेवढ्यावर तीन लाख वाढले. एका बँकेच्या नकारावर थांबू नका.

ऐरोली

मला थकबाकी एकदम मिळाली, 1,90,000. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलंय, त्यामुळे मागचे सगळे महिने धरले गेले. बँकेने ती रक्कम उत्पन्नात धरली नाही, एकदाच आलेली म्हणून. डाऊन पेमेंटला मात्र तीच उपयोगी पडली.

घणसोली

ज्यांचं नवऱ्याबरोबर जुनं कर्ज आहे त्यांनी हे नीट वाचा. घटस्फोटाच्या अटींत होतं की जुन्या फ्लॅटचे हप्ते तो भरेल. मी निर्धास्त होते. तीन वर्षांनी स्वतःसाठी अर्ज केला तेव्हा कळलं की त्याचे चार हप्ते चुकलेत आणि ते माझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, आहेत. कोर्टातल्या अटी आम्हा दोघांपुरत्या, बँक त्यांना बांधील नाही. कर्जाच्या कागदावर माझी सही होती ना. त्याने नव्याने कर्ज घेऊन माझं नाव काढेपर्यंत, बँकेचा ना-हरकत दाखला हातात येईपर्यंत, अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत मुलगी माझ्या आईच्या घरी हॉलमध्ये अभ्यास करत होती. घटस्फोटाच्या वेळीच ते कर्ज बंद करून घ्या.

नेरुळ

मी वडील आहे. मुलीचा ताबा माझ्याकडे, तिची आई महिना 8,000 पाठवते, एकही महिना चुकलेला नाही. अर्ज भरून घेणाऱ्याने गृहीत धरलं की पोटगी मीच देतोय आणि रक्कम खर्चाच्या रकान्यात टाकली. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा आकडा कमी का हे शोधताना सापडलं. दुरुस्त झालं, पण टाईप केलेला अर्ज सही करण्याआधी ओळ न ओळ वाचा.

तळोजा

सिडकोच्या सोडतीत, प्रधानमंत्री आवास योजनेतून घराचा प्रयत्न करत होते. पाच वर्षं वेगळी राहतेय, पण हुकूमनामा झालेला नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, आणि देशात कुठेही पक्कं घर नको. नवऱ्याच्या नावावर गावी घर आहे. कागदावर मी अजून त्याच्याच कुटुंबातली. आता घटस्फोटाची तारीख लवकर मिळावी म्हणून धडपडतेय.

तुर्भे

मागच्या आठवड्यातच अंतरिम (खटला चालू असेपर्यंतच्या) पोटगीचा आदेश झालाय, महिना 9,000. कर्ज दोन-तीन वर्षांनीच घेईन. ताई, आत्तापासून काय करू?

कळवा

आदेशाच्या प्रमाणित प्रती दोन तरी काढून ठेव, नक्कल अर्ज उद्याच टाक. पोटगीसाठी वेगळं खातं उघड आणि त्यात दुसरं काही जमा करू नकोस. रोख देऊ केली तर "खात्यात टाक" एवढंच म्हण. एखादा महिना चुकला तर वकिलाकडून लेखी कळव, तो कागदही फाइलमध्ये ठेव. माझ्या खात्यात आता गेले चौदा महिने 12,000 येतायत, वसुलीचा अर्ज केल्यापासून.