पॉइंट्सवर चालणारे सुट्टीचे सभासदत्व: घ्यावे की टोकनवर पाणी सोडावे?

ओसरी (पुणे)

नमस्कार. एका मॉलमध्ये भरलेल्या कूपनावरून आम्हाला फोन आला आणि 'पती-पत्नी दोघांनीही यायलाच हवे' अशा आग्रहामुळे गेल्या रविवारी आम्ही एका हॉटेलच्या सभागृहात गेलो. दीड तासाचे म्हणून सांगितलेले सादरीकरण साडेतीन तास चालले, आणि शेवटी मी क्रेडिट कार्डावर ११,००० रुपयांचे टोकन भरून बसलो. करारावर अद्याप सही केलेली नाही. त्यासाठी येत्या शनिवारपर्यंतची मुदत आहे आणि 'हा भाव आजचाच, तुमच्यासाठी शनिवारपर्यंत धरून ठेवतो' असे तेथील व्यवस्थापकांनी सांगितले आहे.

योजना अशी आहे: २५ वर्षांचे सभासदत्व, करांसह ५,४०,००० रुपये, त्यांपैकी २० टक्के आत्ता आणि उरलेले ४८ हप्त्यांत. दरवर्षी १,२०० पॉइंट्स खात्यात जमा होतात आणि ते देशभरातील कोणत्याही रिसॉर्टमध्ये, हव्या त्या आकाराच्या खोलीसाठी वापरता येतात. न वापरलेले पॉइंट्स पुढील एका वर्षापर्यंत टिकतात. वार्षिक शुल्क २४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. प्रतिनिधीने कागदावर निळ्या पेनाने हिशेब मांडून दाखवला, की ५,४०,००० भागिले २५ म्हणजे वर्षाला २१,६००, त्यात १२ रात्री, म्हणजे रात्रीला अवघे १,८०० रुपये. त्या वेळी हिशेब पटला. निघताना मी तो कागद मागितला, तेव्हा 'तो आमच्या फाइलला लावावा लागतो' असे म्हणून त्यांनी ठेवून घेतला. ती गोष्ट मनाला खटकते आहे.

घरात आम्ही दोघे, नववी आणि पाचवीतील दोन मुले, आणि आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळमजल्याची खोली लागते. आम्ही वर्षातून एकदा मे महिन्यात आणि जमल्यास दिवाळीनंतर बाहेर पडतो. आमच्यासारख्या कुटुंबाने असे सभासदत्व घ्यावे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जमाखर्च

तो कागद त्यांनी ठेवून घेतला, कारण त्यावरचा हिशेब घरी नेऊन तपासण्याजोगा नव्हता. एक विनंती: कोणत्या रात्रीला किती पॉइंट्स लागतात याचा तक्ता तुमच्याकडे असेल तर त्यातील मे महिन्याचे आकडे इथे द्यावेत.

ओसरी

तक्ता माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे. एका शयनगृहाच्या खोलीसाठी पावसाळ्यात सोमवार ते गुरुवार रात्रीला १०० पॉइंट्स, आणि मे महिन्यात व दिवाळीच्या पंधरवड्यात २४० पॉइंट्स. खाली बारीक अक्षरांत 'तक्ता पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो' असे वाक्य आहे, ते आत्ता हे लिहिताना प्रथमच नीट वाचले.

जमाखर्च

म्हणजे तुम्हाला दाखवलेल्या १२ रात्री पावसाळ्यातील आडवारच्या होत्या. तुमची मुले शाळेत असताना त्या तुमच्या काय उपयोगाच्या? मे महिन्याच्या दराने १,२०० पॉइंट्समध्ये बरोबर ५ रात्री बसतात, आणि मग दिवाळीसाठी काहीही उरत नाही.

आता पैशांकडे पाहू. ५,४०,००० रुपये ७ टक्के व्याजाने बँकेत मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ३७,८०० रुपये येतात. त्यात वार्षिक शुल्काचे, करासह, २८,३२० मिळवले की ६६,१२० रुपये होतात, आणि ५ रात्रींनी भागले की रात्रीला १३,२२४ रुपये पडतात. यात जेवण नाही, प्रवास नाही, आणि हप्त्यांवरचे व्याजही धरलेले नाही. ठेवीच्या व्याजावरील कर वजा केला तर आकडा थोडा खाली येईल हे मान्य आहे. पण २५ वर्षांनी बँकेतील ५,४०,००० तुमचेच असतात आणि इथले संपलेले असतात, हे प्रतिनिधीच्या भागाकारात कुठेच दिसत नाही. त्याच रिसॉर्टची खोली त्याच तारखांना कोणत्याही बुकिंग संकेतस्थळावर कितीला मिळते, ते आज रात्री पाहून ठेवावे. अनेकदा तिथे न्याहारीही भाड्यातच धरलेली असते.

वार्षिक शुल्काचे कलम मात्र सर्वांत आधी वाचावे. बहुतेक करारांत ते महागाईनुसार वाढवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. वाढ ६ टक्क्यांची धरली तर १२ वर्षांत ते दुप्पट होते, आणि पंचविसाव्या वर्षी तुम्ही लाखाच्या वर शुल्क भरत असाल. त्या वेळी तुमची मुले तिशी ओलांडलेली असतील. एखाद्या वर्षी घरात आजारपण निघाले आणि तुम्ही कुठेच गेला नाहीत, तरी शुल्क भरावेच लागते. ते थकले की बुकिंग बंद होते आणि थकबाकीवर व्याज चढते.

निवृत्त_नाशिककर

मी थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण मी स्वतः अशा एका योजनेचा बरीच वर्षे सभासद आहे आणि तोट्यात आहे असे मला वाटत नाही. पण मी बँकेतून निवृत्त झालो आहे, मुले मार्गी लागली आहेत, आणि आम्ही दोघेच जातो. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये, मंगळवारी पोहोचून शुक्रवारी निघतो. त्या दिवसांत कूर्गला धुके असते, रिसॉर्ट अर्धे रिकामे असते, आणि तुम्हाला २४० पॉइंट्सना पडणारी खोली आम्हाला १०० मध्ये मिळते. वरच्या हिशेबात माझी रात्र ५,५१० रुपयांना पडेल, आणि ती मला महाग वाटत नाही.

मात्र यासाठी शिस्त लागते. आरक्षण उघडते त्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी संगणकासमोर बसलेला असतो. मे महिन्यासाठी मुलीच्या कुटुंबाकरिता दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पहिल्या काही मिनिटांतच 'खोली उपलब्ध नाही' असे दिसले. तुमच्या करारात आरक्षण किती दिवस आधी उघडते आणि वरच्या श्रेणीच्या सभासदांना ते आपल्याआधी उघडते का, हे पाहावे. उघडत असेल तर मे महिन्यात तुमच्या वाट्याला उरलेसुरलेच येईल. तळमजल्याच्या खोलीची हमी तर कुणीच देत नाही, 'विनंती नोंदवली आहे' एवढेच उत्तर मिळते.

जेवणाचाही विचार करावा. पूर्वी खोलीत छोटे स्वयंपाकघर असायचे, सौ. कुकर आणि मुगाची डाळ घेऊनच निघत असे. अलीकडे आम्ही गेलो त्या ठिकाणी फक्त किटली आणि दोन कप होते. पाच माणसांची दोन वेळची जेवणे रिसॉर्टच्या उपाहारगृहात घेतली, की फुकट वाटणाऱ्या खोलीची वसुली तिथे होते.

मोगरा_ऑरलँडो

निवृत्त काकांशी सहमत आहे, आणि इथल्या, म्हणजे अमेरिकेतील, अनुभवावरून एक मुद्दा जोडते. आमच्या घरी डिस्ने व्हेकेशन क्लबचे पॉइंट्स आहेत. ती योजना १९९१ पासून चालू आहे, आणि तिथे सभासदाला विशिष्ट रिसॉर्टमधील हक्क दस्तऐवजासह मिळतो. अगदी सुरुवातीच्या रिसॉर्टांची मुदत ३१ जानेवारी २०४२ रोजी संपते. महत्त्वाची गोष्ट अशी, की एका रिसॉर्टसाठी वर्षभरात लागणाऱ्या पॉइंट्सची एकूण बेरीज कंपनीला वाढवता येत नाही. एखादी रात्र महाग करायची असेल तर दुसरी तितकीच स्वस्त करावी लागते. त्यामुळे आमच्या पॉइंट्सना काहीएक स्थिर किंमत राहते, ते विकता येतात, आणि आम्हीही ते एका जुन्या सभासदाकडूनच घेतले.

तुमच्या माहितीपत्रकातील 'पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो' या वाक्याने ही स्थिरताच काढून घेतली आहे. पॉइंट म्हणजे कंपनीने छापलेली नोट आहे आणि तिचा विनिमयदरही कंपनीच ठरवते. आज मे महिन्याची रात्र २४० पॉइंट्सना आहे, पाच वर्षांनी ती ३०० झाली तर तुमच्या ५ रात्रींच्या ४ होतील, आणि तुमच्याकडून एक रुपयाही जादा घेतला नाही असे कंपनी खुशाल म्हणू शकेल. ठरावीक आठवड्याच्या जुन्या पद्धतीत लवचीकता कमी होती, पण आठवड्याचे सात दिवस निदान सातच राहत असत. कंपनीला लेखी विचारा: एकूण पॉइंट्सवर काही मर्यादा आहे का, आणि गेल्या काही वर्षांचे तक्ते दाखवाल का?

कायद्याचे_बोला

मी पुण्यात ग्राहक आयोगापुढील प्रकरणे चालवतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

भारतात टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा सुट्टीच्या सभासदत्वांसाठी, स्वतंत्र कायदा नाही. मोगराताई राहतात त्या फ्लोरिडात करार केल्यापासून १० दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो. आपल्याकडे ती मुदत करारात लिहिलेली असेल तरच मिळते. बऱ्याच कंपन्या ती देतात, पण ती सहीच्या तारखेपासून मोजायची की पैसे भरल्याच्या, हे नीट वाचावे. सभागृहात तोंडी दिलेली आश्वासने करारातील एका कलमाने रद्दबातल होतात, कारण 'या कराराबाहेर कोणतेही आश्वासन दिलेले नाही' या वाक्याखाली आपणच सही करतो. म्हणून जे सांगितले गेले ते आजच ईमेलने त्यांना लिहून पाठवावे आणि दुजोरा मागावा. टोकन परत मागायचे असेल तर तेही शनिवारपूर्वी ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी कळवावे. प्रतिनिधीच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नये. पावतीवर 'परतावा नाही' असे छापलेले असले, तरी तेवढ्याने तुमचा तक्रारीचा हक्क संपत नाही.

वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तेथील जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. लहान रकमा कधी कधी तेवढ्यानेच सुटतात.

आणखी एक, कारण महाराष्ट्रात हे विसरून चालणार नाही. 'मुदतीअखेर न वापरलेल्या रात्रींचे पैसे वाढवून परत देऊ' असे कुणी म्हणाले तर ती सहल राहत नाही, ठेव योजना होते. हॉटेलच्या रात्रींच्या नावाखाली असेच पैसे घेणाऱ्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीच्या प्रकरणात सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०१४ मध्ये नवे पैसे गोळा करण्यास मनाई केली आणि २०१६ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. ती रक्कम ७,००० कोटी रुपयांहून अधिक होती. तुमच्या योजनेत तसा परतावा दिसत नाही, पण बोलण्याच्या ओघात 'पुढे विकून टाका, भाव वाढतो' असे सांगितले गेले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. हे सभासदत्व विकत घेणारे सहसा कुणी मिळत नाही. 'विकून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असे म्हणणारे फोन मात्र भरपूर येतात.

ओसरी

सर्वांचे आभार. काल मी तीन प्रश्न ईमेलने पाठवले: पॉइंट्सच्या बेरजेवर मर्यादा आहे का, वार्षिक शुल्क जास्तीत जास्त किती वाढू शकते, आणि मे महिन्याचे आरक्षण आमच्या श्रेणीला कधी उघडते. लेखी उत्तर आले नाही. तासाभरात व्यवस्थापकांचा फोन आला आणि प्रश्नांविषयी काहीही न बोलता त्यांनी आणखी ४०,००० रुपये कमी करण्याची तयारी दाखवली.

त्याच रिसॉर्टची खोली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, न्याहारीसह, एका संकेतस्थळावर ९,५०० रुपयांना दिसते आहे. आज टोकन परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवले आणि त्याची प्रत ईमेलला जोडली. आईला हे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, की मग यंदा गणपतीपुळ्याला खालची खोली मिळेल का.