मॉर्फिनचं इंजेक्शन की फेंटानिल? आईची किडनी साथ देत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६८) गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. गाठीमुळे दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्यात, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) ४ च्या वर आहे. डायलिसिस नको, नळ्या नकोत, हे तिने स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंय आणि त्याबद्दल घरात दुमत नाही. सध्या ती हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात) आहे.

दुखण्यासाठी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी चालू होती. तिने आईला खरोखर झोप मिळाली. आता गोळी पोटात टिकत नाही. त्यात हात मध्येच झटका बसल्यासारखे उडतात. पेला ओठांपाशी नेला की मनगट उडतं आणि पाणी पदरावर सांडतं. डॉक्टर म्हणाले, शरीरात मॉर्फिनपासून जे घटक तयार होतात ते किडनीवाटे बाहेर जातात. किडनी थकली की ते साठतात, त्यामुळे हे झटके आणि ही गुंगी.

त्यांनी दोन पर्याय सांगितलेत. एक, मॉर्फिनच त्वचेखाली, कमी मात्रेत आणि जास्त अंतराने. दुसरा, सिरिंज पंपावर (सिरिंजमधलं औषध हळूहळू सोडणारं यंत्र) सतत फेंटानिल, हेही मॉर्फिनसारखंच दुखणं थांबवणारं औषध. ते मुख्यतः यकृतात मोडतं, म्हणून अशा किडनीला जास्त सोसतं, असं मला समजलंय. पण ते मॉर्फिनच्या शंभरपट तीव्र आहे हे ऐकून दादा घाबरलाय. त्यातच मामा म्हणतात, गावाकडे पेंटाझोसीन हे दुखण्याचं इंजेक्शन देतात, तेच द्या. उद्याच्या राउंडला आम्हाला विचारणार आहेत. ज्यांनी घरच्या माणसासाठी हे पाहिलंय किंवा जे या कामात आहेत, त्यांनी कृपया सांगा. दादाला कसं समजावू? आणि पुढे आईला घरी साताऱ्याला नेलं तर ही औषधं मिळतील का?

उत्तर

ताई, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये नर्स आहे. मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील, बाकीचं सांगते.

आधी मामांचं. मॉर्फिन चालू असलेल्या माणसाला पेंटाझोसीन देऊ नका. ते मॉर्फिनचा परिणाम अंशतः तोडतं, दुखणं एकदम उसळतं, घाम आणि तळमळ सुरू होते. हे मी पाहिलंय आणि ते पेशंटचे फार हाल असतात.

दादांना सांगा, शंभरपट हा वजनाचा हिशेब आहे. १० मिलिग्रॅम मॉर्फिन इंजेक्शनच्या जागी साधारण १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल, म्हणजे मात्राच शंभर पटीने लहान. शिवाय एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना डॉक्टर हिशेबाने आलेला आकडाही आणखी कमी करून सुरुवात करतात आणि मग बघत बघत वाढवतात. पोटातल्या गोळीपेक्षा इंजेक्शन कमी लागतं, तोंडावाटे ६० मिलिग्रॅम असेल तर त्वचेखाली साधारण २० ते ३०. तेव्हा आकडा खाली आला म्हणून "औषध कमी केलं" असं वाटून घेऊ नका.

झटके दिसत असताना मी तरी फेंटानिलच्या बाजूने बोलेन. त्याची अडचण वेगळी आहे. एका डोसचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून पंप लागतो. अँप्यूलमध्ये ते मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम एवढंच असतं, त्यामुळे मात्रा वाढली की सिरिंज मोठी लागते. सुई दंडाला किंवा कॉलरबोनखाली बारीकशी असते, तिथे लाली किंवा सूज दिसली तर लगेच सांगा. आणि मध्येच कळ आली तर जादा डोस कोणता, किती वेळाने, हे लिहून मागा. रात्री नवीन ड्युटी आली की हाच कागद उपयोगी पडतो.

घरी नेण्याबद्दल: एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनुसार मॉर्फिन आणि फेंटानिल दोन्ही अत्यावश्यक यादीत आहेत, पण साठा मुख्यतः मान्यताप्राप्त संस्थांकडे असतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल हे धरून चालू नका. डिस्चार्जआधी होमकेअर टीमशी बोला आणि पंप कोण भरणार ते ठरवून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. दादाला वाचून दाखवलं, तो फेंटानिलला तयार आहे. एकच विचारते, बदल केल्यावर झटके लगेच थांबतील का?

उत्तर

लगेच नाही. आधी साठलेलं बाहेर पडायला वेळ लागतो, अशा किडनीत एक-दोन दिवसांपेक्षा जास्तही. तोवर झटक्यांसाठी मिडाझोलाम (झटके शमवणारं, गुंगी आणणारं औषध) देता येतं, उद्याच विचारा.