कोरड्या दुकानवाल्यांची परीक्षा कोण घेणार?

खाडीकाठ:
२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या दुकानात शिरलं, तांदळाची पोती चार दिवसांत आंबली, तो वास अजून नाकात बसलाय. जो भेटायला येई तो अब्बांना म्हणे सब्र करा, म्हणजे धीर धरा, आजमाईश आहे, अल्लाहची परीक्षा. कुराणातल्या सूरा बकराची, म्हणजे त्या अध्यायाची, १५५ वी आयत सगळ्यांना पाठ, की थोडी भीती, भूक आणि माल, जीव, पिकाचं नुकसान यांनी आम्ही तुम्हाला पारखू. पण ज्यांची दुकानं चढावर होती, कोरडी राहिली, त्यांना कोणी म्हटलं नाही की बाबांनो तुमचीपण चालू आहे. सूरा फज्रमध्ये नेमकं हेच आहे ना, रब देतो तेव्हा माणूस म्हणतो माझा मान ठेवला, हात आखडता घेतला की म्हणतो अपमान केला. दोन्ही परीक्षाच. आणि लगेच पुढच्या आयतीत फटका, नाही, तुम्हीच अनाथाला मान देत नाही.

शंकासुर:
वाचायला छान आहे हो, पण होतं काय तर गरीब गप्प बसतो. भरपाईसाठी ओरडायचं सोडून सब्र करत बसतात लोक.

जुम्मेराती:
सब्र म्हणजे हातावर हात नाही. शाममध्ये, म्हणजे सीरियाकडे, प्लेग आला तेव्हा खलिफा हजरत उमर वाटेतूनच माघारी वळले. त्यांचे सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळताय? म्हणाले हो, अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. तुम्ही पंचनामा करून घ्या, तलाठ्याच्या मागे लागा, आणि सब्रपण करा.

शंकासुर:
बरं. दोन महिन्यांचं बाळ जातं, त्याची कसली परीक्षा?

जुम्मेराती:
त्याची नाहीच, बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, हिशोबच नाही. परीक्षा आईबापाची.

शंकासुर:
म्हणजे बाळ दुसऱ्याच्या पेपरातला प्रश्न? कमाल आहे.

खाडीकाठ:
इथे मीपण अडतो, आणि हे जुन्यांनाही टोचलंय. जुन्या काळचे धर्मपंडित अशअरींनी आपले गुरू जुब्बाईंना विचारलं म्हणे, तीन भाऊ, एक नेक, एक काफिर, एक लहानपणीच गेला. लहान म्हणाला जगू दिलं असतं तर मीही नेकी केली असती, तर? जुब्बाई म्हणाले, अल्लाह सांगेल तू मोठेपणी बिघडला असतास म्हणून आधीच उचललं. मग दुसरा जहन्नममधून ओरडला, मला का नाही लहानपणीच उचललं, तर? जुब्बाई गप्प.

शंकासुर:
आणि तुमचं उत्तर?

खाडीकाठ:
नाही बाबा माझ्याकडे. मी फक्त कोरड्या दुकानवाल्यांबद्दल बोलायला आलो होतो.